क्विनाइनचा निळा उजेड: टॉनिक वॉटरमधली मात्रा मोजताना ठेवलेल्या नोंदी

फ्लुओरोमीटरवर (पदार्थावर अतिनील प्रकाश टाकून त्यातून निघणारा उजेड मोजणारं यंत्र) टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन, म्हणजे त्याला कडू चव देणारा पदार्थ, मोजणं हा प्रयोगशाळेतला अगदी जुना, ठरलेला प्रयोग आहे. पाठ्यपुस्तकात तो पाऊण पानात संपतो, मला अठरा दिवस लागले. हा प्रयोग करायला बसलेल्या दुसऱ्या कुणाचे तरी त्यातले निम्मे दिवस वाचावेत म्हणून रोजची वही इथे उतरवते आहे. आकडे माझ्या यंत्राचे आहेत. तुमच्याकडे काउंट्स (यंत्र दाखवतं तो उजेडाचा आकडा) वेगळे येतील, पण त्यांची चाल अशीच असेल.

३ जून

आज फक्त तयारी. आधी ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्ल. संहत आम्ल साधारण १८ मोलर असतं, म्हणून लिटरला २.८ मिलि. फ्लास्कमध्ये आधी पाणी, मग त्यात आम्ल, हळूहळू. पाणी कधीही आम्लावर ओतायचं नाही. गॉगल आणि हातमोजे घालूनच.

क्विनाइन सल्फेट १००.० मिग्रॅ वजन केलं आणि याच आम्लात विरघळवून १ लिटर केलं. बाटलीवर लिहिलं, ‘क्विनाइन १०० मिग्रॅ/लि.’ (हे लेबल लक्षात ठेवा. १३ तारखेला परत त्याच्याकडे यायचं आहे.) बाटली फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवली, कारण उजेडात क्विनाइन हळूहळू बिघडतं.

यंत्राची मांडणी: उत्तेजन (आत टाकायचा प्रकाश) ३५० नॅनोमीटर, उत्सर्जन (बाहेर येणारा, मोजायचा प्रकाश) ४५० नॅनोमीटर, दोन्ही स्लिट ५ नॅनोमीटर, १ सेंमीचा क्वार्ट्झ क्युव्हेट (द्रावण ठेवायची चौकोनी नळी), चारही बाजू पारदर्शक. नेहमीच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा क्युव्हेट दोनच बाजूंनी स्वच्छ असतो आणि उरलेल्या दोन खरखरीत असतात. तो इथे उपयोगाचा नाही, कारण आपण काटकोनातून बघतो. प्लास्टिकचा क्युव्हेट तर नकोच. तो अतिनील प्रकाश अडवतो आणि स्वतःही थोडा चमकतो.

४ जून

पहिला कॅलिब्रेशन वक्र, म्हणजे ठाऊक मात्रेची द्रावणं मोजून काढलेला आलेख. १, १०, २०, ५० आणि १०० मिग्रॅ/लि. अशी पाच द्रावणं केली. दिवा लावल्यावर अर्धा तास थांबायला हवं होतं, मी लगेच वाचायला घेतलं. पहिली वीस मिनिटं आकडे सरकतच राहिले, म्हणून ती सगळी वाचनं खोडली आणि पुन्हा घेतली.

दुसऱ्या खेपेचे काउंट्स: ३३, २८२, ४८०, ७३७, ६५३.

शेवटचे दोन आकडे मी चार वेळा घेतले. ५० च्या द्रावणाला ७३७ आणि १०० च्या द्रावणाला ६५३. क्विनाइन दुप्पट आणि उजेड कमी. आधी वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली. दोन्ही द्रावणं नव्याने केली, तरी तेच. मग वाटलं डिटेक्टर भरून गेला असेल, पण त्याची कमाल १००० आहे आणि आपण त्याच्या बरंच खाली आहोत.

संध्याकाळी खोलीतले दिवे घालवून, अतिनील रोखणारा गॉगल लावून, एका क्युव्हेटमध्ये १ चं आणि दुसऱ्यात १०० चं द्रावण घेतलं आणि हातातल्या अतिनील टॉर्चने एका बाजूने प्रकाश टाकला. १ च्या क्युव्हेटमध्ये या काचेपासून त्या काचेपर्यंत निळसर पट्टा सरळ, एकसारखा. १०० च्या क्युव्हेटमध्ये प्रकाश शिरतो तिथे झगझगीत निळी साय धरल्यासारखी, जेमतेम काही मिलिमीटर जाड. तिच्या मागे निळेपणा झपाट्याने विरत गेलेला, आणि पलीकडच्या काचेपाशी काळोखच. यंत्राचा डिटेक्टर क्युव्हेटच्या मध्यावर रोखलेला असतो. १०० च्या द्रावणात मध्यापर्यंत उत्तेजक प्रकाश पोहोचतच नाही, तो दारातच शोषला जातो.

१८४५ साली जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या द्रावणाचं वर्णन केलं तेव्हा त्यांना नेमका हाच निळा थर दिसला होता, प्रकाश शिरतो त्या पृष्ठभागालगतचा. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचं कारण उलगडलं आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून या घटनेला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिलं. दिवसभर माझा वक्र वाकवणारी गोष्ट तीच होती हे कळल्यावर मी बराच वेळ तो क्युव्हेट खाली ठेवला नाही.

५ जून

सकाळी सगळ्या द्रावणांचं ३५० नॅनोमीटरचं अवशोषण (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घेतलं. १० ला ०.१४ आणि १०० ला १.४१. म्हणजे १० च्या द्रावणातही मध्यापर्यंत साधारण ८५ टक्केच प्रकाश पोहोचतो. १ ला ३३ काउंट्स आले म्हणून १० ला ३३० यायला हवे होते, आले २८२. हिशेब जमतो.

यातून एक नियम केला: उत्तेजनाच्या तरंगलांबीला अवशोषण ०.०५ च्या आत असेल तरच फ्लुओरेसन्सचा आकडा मात्रेच्या प्रमाणात धरायचा. दाट द्रावणाला गणिती दुरुस्ती लावता येते, पण पाणी घालून पातळ करणं केव्हाही सोपं आणि भरवशाचं.

नवा पल्ला ०.१ ते १.० मिग्रॅ/लि. स्टॉक (३ तारखेचं १०० मिग्रॅ/लि. चं द्रावण) दहापट पातळ केला आणि त्यातून १ ते १० मिलि घेऊन १०० मिलिच्या फ्लास्कमध्ये आम्लाने रेघेपर्यंत भरलं. डिटेक्टरचा व्होल्टेज वाढवला. आता १.० ला ६७३ काउंट्स (ब्लँक वजा करून), रेषा सरळ.

पण ब्लँक ६१! नुसत्या आम्लाला ६१ काउंट्स. ०.१ च्या स्टँडर्डचे, म्हणजे ठाऊक मात्रेच्या द्रावणाचे, स्वतःचे ६७. खालच्या टोकाला जे मोजायचं आहे तेवढाच कचरा त्यात मिसळलेला. असा ब्लँक वजा करून पुढे जाता आलं असतं, पण तो दर फ्लास्कला वेगळा येत होता: ६१, ४४, ७०. जो आकडा स्थिर नाही तो वजा कसा करणार?

६ ते ९ जून

चार दिवस ब्लँकमागे गेले. यातले तीन दिवस वाचवता आले असते.

पहिला संशय आम्लावर. दुसऱ्या बाटलीतलं आम्ल घेतलं, फरक नाही. दुसरा पाण्यावर. ताजं शुद्ध पाणी थेट क्युव्हेटमध्ये घेऊन ब्लँकचा पूर्ण स्पेक्ट्रम काढला, ३६० ते ५५० पर्यंत. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ४५० चा एकच आकडा काहीच सांगत नाही, पूर्ण स्पेक्ट्रम बरंच सांगतो.

स्पेक्ट्रममध्ये ३९७ च्या आसपास एक अरुंद शिखर आलं. मला वाटलं अशुद्धी सापडली, आणि ती काढायला मी पाणी पुन्हा पुन्हा गाळत बसले. दुपारभर शिखर तसूभरही कमी झालं नाही. शेवटी उत्तेजन ३५० वरून ३४० वर आणलं, तर शिखर ३८४ वर सरकलं. तेव्हा उलगडा झाला. ते पाण्याचंच रमण विकिरण आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला उत्तेजक प्रकाश. खऱ्या फ्लुओरेसन्सचं शिखर उत्तेजन बदललं तरी जागा सोडत नाही. रमणचं शिखर उत्तेजनापासून ठरावीक अंतर राखून त्याच्यामागे चालतं, पाण्यासाठी हे अंतर, तरंगसंख्येच्या एककात, सुमारे ३४०० प्रति सेंटिमीटर. ते काढून टाकता येत नाही आणि काढायची गरजही नाही. ४५० पर्यंत त्याचं शेपूट जेमतेम पोहोचतं.

क्युव्हेटमधल्या या थेट पाण्याला ४५० वर फक्त ७ काउंट्स होते. तेच पाणी धुतलेल्या फ्लास्कमध्ये दहा मिनिटं ठेवून परत घेतलं, तर ५८. म्हणजे दोष ना पाण्यात, ना आम्लात, काचेला काहीतरी चिकटलेलं आहे. त्या ५८ च्या स्पेक्ट्रममध्ये ४३५ च्या सुमारास एक पसरट उंचवटा होता, आणि उत्तेजन बदललं तरी तो जागचा हलत नव्हता.

धुवायच्या ठिकाणची डिटर्जंट पावडर अतिनील टॉर्चखाली धरली. हातातली चिमूट निळी पेटल्यासारखी दिसली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून अशा पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात, आणि ते क्विनाइनच्याच पट्ट्यात चमकतात. मग धुऊन वाळवलेला फ्लास्क टॉर्चखाली फिरवला. मानेच्या आत, घासायचा ब्रश नीट पोहोचत नाही तिथे, एक फिकट निळं कडं होतं.

सगळी काचेची भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवली, सकाळी शुद्ध पाण्याने आठ-दहा वेळा खळखळून धुतली. ब्लँक ६. दहा वेगवेगळ्या फ्लास्कमधला ब्लँक ५ ते ७. या कामाची भांडी आता वेगळ्या खणात ठेवली आहेत आणि त्यांना डिटर्जंट लागणार नाही.

१० जून

वक्र पुन्हा काढला, सहा बिंदू, सरळ रेषा. वाचताना पातळाकडून दाटाकडे जायचं. उलट गेलं की आधीच्या द्रावणाचा थेंब पुढच्यात शिरतो. क्युव्हेट वरच्या कडेला धरायचा, काचेवर बोट उमटलं तर बोटाचा तेलकटपणाही चमकतो. आज काही बिघडलं नाही.

११ जून

आता खरा नमुना. टॉनिक वॉटर १ मिलि घेऊन १०० मिलि केलं. तीन फ्लास्क: ४९८, ५४१, ४६३. स्टँडर्ड तीन-तीनदा घेतले तरी अर्ध्या टक्क्याच्या आत येतात आणि नमुना इतका हलतो!

चूक पिपेटमध्ये होती. फसफसणाऱ्या द्रवाचा १ मिलि हा १ मिलि नसतोच. पिपेटमध्ये वर चढतानाच बुडबुडे सुटत होते आणि त्यांची जागा द्रवाच्या जागेतून जात होती. तिन्ही आकडे खऱ्यापेक्षा कमी आले ते त्यामुळेच. नमुना दोन बीकरमध्ये वीस-पंचवीस वेळा ओतला, मग पंधरा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवला. पिपेट भरून उजेडासमोर धरलं, एकही बुडबुडा नाही. नवे आकडे ५७१, ५७४, ५६९.

हिशेब केला: ८४.८ मिग्रॅ/लि. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची पेयांसाठीची क्विनाइनची मर्यादा ८३ पीपीएम (जवळपास ८३ मिग्रॅ/लि.) आहे. माझा आकडा तिच्या वर. वहीत दोनदा अधोरेखित केला. त्या दिवशी तो कुणाला कळवला नाही, हे बरं झालं.

१२ जून

आकडा मर्यादेबाहेर आला की आधी स्वतःचं काम तपासायचं. पिपेट तपासलं: पाण्याचे दहा माप वजन केले, २५ अंशाला १ मिलिचं वजन ०.९९७ ग्रॅम यायला हवं, तेवढंच आलं. फ्लास्क तपासले, वक्र परत काढला. सगळं बरोबर. उत्तर तरी ८४.८ च. एक दिवस गेला.

१३ जून

सकाळी क्विनाइन सल्फेटची मूळ बाटली हातात घेऊन लेबल शब्द न् शब्द वाचलं. ‘क्विनाइन सल्फेट डायहायड्रेट, रेणुभार ७८३.’

क्विनाइनचा रेणुभार ३२४.४. या क्षाराच्या एका एककात क्विनाइनचे दोन रेणू, सल्फ्युरिक आम्लाचा एक आणि पाण्याचे दोन असतात. दोन क्विनाइन म्हणजे ६४८.८. म्हणजे मी वजन केलेल्या १०० मिग्रॅमध्ये क्विनाइन फक्त ८२.९ मिग्रॅ. लेबलवर मात्र मी ‘क्विनाइन १००’ असं लिहून बसले होते. वक्र सरळ येत होता, ब्लँक स्वच्छ होता, तिन्ही वाचनं एकमेकांशी जुळत होती, आणि तरी उत्तर एक-पंचमांशाने जास्त येत होतं. यंत्र अशी चूक पकडू शकत नाही, कारण त्याच्यासाठी १०० म्हणजे मी १०० म्हटलं ते.

दुरुस्ती: लिटरला १२०.७ मिग्रॅ क्षार घेतला की क्विनाइन १०० मिग्रॅ. आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे: क्षारातलं पाणी सुमारे ४.६ टक्के भरतं आणि कोरड्या हवेत ते निघून जातं. झाकण सैल राहिलेल्या जुन्या बाटलीतून वजन केलं तर तेवढ्याच फरकाची चूक गुपचूप शिरेल.

१४ जून

नवा स्टॉक, नवा वक्र. १.० मिग्रॅ/लि. ला ८१२ काउंट्स. नमुना पुन्हा पातळ करून ५७२. ५७२ भागिले ८१२ म्हणजे ०.७०४, शंभरपट केलं की ७०.४ मिग्रॅ/लि. मर्यादेच्या बऱ्यापैकी आत.

११ तारखेच्या पानावर आकडा खोडला, पण तो वाचता येईल असा ठेवला.

१६ जून

सल्फ्युरिक आम्लाचं द्रावण संपलं. शेजारी ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. आम्ल हवंय ते क्विनाइनला प्रोटॉन मिळावेत म्हणून, मग कुठलंही चालेल असं धरलं आणि नमुना त्यात पातळ केला. काउंट्स ८८. परवा हाच नमुना ५७२ होता.

नमुना गढूळ नाही, रंग नाही, अवशोषणही पूर्वीइतकंच. म्हणजे क्विनाइन आहे, प्रकाश शोषतंय, पण उजेड बाहेर टाकत नाही. खात्रीसाठी सल्फ्युरिक आम्लातल्या द्रावणात मीठ घातलं, क्लोराइड ०.०१ मोलर होईल एवढंच, तर ५७२ चे २४० झाले. उत्तेजित झालेला क्विनाइनचा रेणू प्रकाश सोडण्याआधी सुमारे २० नॅनोसेकंद तसाच राहतो. तेवढ्या वेळात क्लोराइड आयन त्याच्यावर आदळला तर ऊर्जा प्रकाश न होता निघून जाते. चिमूटभर मिठाने समोर निळा उजेड मंदावताना बघितला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून आम्ल सल्फ्युरिकच, आणि पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, तेव्हा तो इलेक्ट्रोड मोजायच्या फ्लास्कमध्ये बुडवायचा नाही.

पण यातून एक मोठी शंका उभी राहिली. टॉनिक वॉटरमध्ये साखर आहे, सायट्रिक आम्ल आहे, आणखीही काही असेल. त्यातलं काही माझा उजेड विझवत असेल तर ७०.४ हा आकडाही खोटा.

१७ जून

उत्तर स्टँडर्ड अ‍ॅडिशनने, म्हणजे नमुन्यातच ठाऊक मात्रेचं क्विनाइन मिसळून मोजण्याने, मिळालं. चार फ्लास्क, प्रत्येकात नमुना १ मिलि. मग १० मिग्रॅ/लि. चं क्विनाइन अनुक्रमे ०, १, २, ३ मिलि, आणि आम्लाने १०० मिलि. काउंट्स ५७१, ६५३, ७३३, ८१४.

यांचा चढ (दर १ मिग्रॅ/लि. ला वाढणारे काउंट्स) येतो ८०९. साध्या आम्लातल्या वक्राचा चढ ८१२. दोन्ही चढ इतके जवळ म्हणजे नमुन्यातलं दुसरं काही उजेडाला हात लावत नाही. शंभरपट पातळ केल्यामुळे ते सगळं निष्प्रभ झालं. या पद्धतीने मात्रा ७०.६. माझ्या लेखी सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. दुसरं पेय, लघवी किंवा औषधी काढा मोजायचा असेल तर ही आधीच करा, वक्राच्या सौंदर्यावर जाऊ नका.

१८ जून

अर्धा दिवस नायट्रोजनवर घालवला. विरघळलेला ऑक्सिजन अनेक पदार्थांचा फ्लुओरेसन्स विझवतो असं वाचलेलं, म्हणून प्रत्येक द्रावणातून दहा मिनिटं नायट्रोजन सोडला. फरक शून्य. आम्लातल्या क्विनाइनवर ऑक्सिजनचा परिणाम होत नाही, प्रमाणद्रव्य म्हणून ते इतकं वापरलं जातं त्याचं हेही एक कारण. ही पायरी वगळा.

दुपारी दिव्याची सरकण मोजली. सकाळी १.० ला ८१२, तीन तासांनी ७९०. आता दर पाच नमुन्यांनंतर १.० परत घेते आणि त्या दोन वाचनांच्या मधले नमुने त्यावरून सुधारते. खोलीचं तापमानही एकसारखं ठेवायचं, गरम द्रावण थोडं कमी चमकतं.

२० जून

शेवटची मोजणी, सगळं पहिल्यापासून पाच वेळा, प्रत्येक वेळी नमुना नव्याने पातळ करून: ७०.४, ७०.९, ६९.८, ७०.६, ७०.१. सरासरी ७०.४, प्रमाण विचलन ०.४ मिग्रॅ/लि.

ब्लँकच्या दहा वाचनांचं प्रमाण विचलन ०.५ काउंट. त्याच्या ३.३ पटीला चढाने भागलं की ०.००२ मिग्रॅ/लि. म्हणजे लिटरमागे दोन मायक्रोग्रॅमपर्यंत क्विनाइन आहे की नाही हे सांगता येईल. आधीच्या ६१ च्या डळमळत्या ब्लँकने हे कधीच जमलं नसतं.

वाया गेलं ते असं: वक्राचा एक दिवस, ब्लँकचे चार, पिपेटचा एक, क्षाराच्या हिशेबाचे दोन, चुकीच्या आम्लाचा एक, नायट्रोजनचा अर्धा. अठरापैकी साडेनऊ दिवस. शिवाय एक लिटर स्टॉक चुकीच्या लेबलचा आणि तीन लिटरच्या आसपास आम्ल.

नव्या स्टॉकच्या बाटलीवर आता दोन ओळी आहेत: ‘क्विनाइन १०० मिग्रॅ/लि. (बेस)’ आणि खाली ‘क्षार १२०.७ मिग्रॅ, डायहायड्रेट’. आठवड्याने त्यातूनच १.० चं द्रावण काढून ताज्या वजनाच्या स्टॉकशी ताडून बघणार आहे. तो आकडा इथेच खाली लिहीन.